शालूताईंची तर्जनी

अंध मुलींच्या निवासी शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्याच संध्याकाळी वाचनाचा तास माझ्याकडे आणि रामटेके मॅडमकडे होता. एक पान मी छापील पुस्तकातून वाचायचं, पुढचं पान मॅडमनी ब्रेलमधून, असं ठरलं होतं. गोष्ट ऐन रंगात आली आणि लाइट गेली. मी वाक्याच्या मध्येच थांबले.

"काहून थांबल्या? ठसका लागला काय?" शेजारून आवाज आला.

"लाइट गेली," मी म्हटलं.

"हो काय? मग मी घेते."

त्यांनी मांडीवरचं जाडजूड पुस्तक सरकवलं, माझं तुटलेलं वाक्य शोधून काढलं आणि तिथूनच पुढे वाचायला सुरुवात केली. एकही मुलगी चुळबुळली नाही. अंधाराची अडचण त्या खोलीत फक्त मलाच होती. तास संपल्यावर त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नका वं. नवीन माणसाले आमच्या इथं पहिले आठ-दहा दिवस लाइट लागते."

शालिनी रामटेके या बाईंशी माझी ओळख झाली ती अशी. वर्षभरात त्या माझ्या शालूताई झाल्या आणि मी त्यांची 'मेघा'.

त्यांचं गाव उमरेडकडचं. चार वर्षांच्या असताना गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. आजोबांनी छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतलेली. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण नातीला एसटीत बसवून या शाळेत आणून सोडणारे तेच. "आजोबानं सांगतलं होतं," शालूताई म्हणत, "डोळे गेले त गेले, अक्षर नाही जाऊ द्यायचं." त्या याच शाळेत शिकल्या, पुढे एम.ए., बी.एड. झाल्या आणि याच शाळेत ब्रेल शिकवायला परतल्या. शाळेच्या आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या चाळीत त्यांची एक खोली होती.

त्यांना वाचताना पाहणं ही बघण्यासारखी गोष्ट होती. उजव्या हाताची तर्जनी ओळीवरून अशी जाई, की जणू कागदावर काही लिहिलेलंच नाही आणि त्या नुसत्या धूळ पुसत आहेत. डावा हात पुढची ओळ शोधून तिथे थांबून राही. "डावा हात माहा चपराशी आहे," त्या म्हणत. "साहेब उजवा." त्या साहेबाची बडदास्तही तशीच. मिरच्या चिरायच्या तर डाव्या हाताने. गरम तव्याजवळ उजवा हात न्यायचा नाही. थंडीत झोपताना बोटाला खोबरेल तेल. "बाकी बायकाइचे दागिने कानात असते," त्या मला म्हणाल्या होत्या, "माहा बोटात आहे."

स्वभावाने त्या गोड वगैरे नव्हत्या. मुलींनी वाचताना अंदाजाने शब्द ठोकून दिला, की पुस्तकावर हात आपटत. मुलींच्या हातात बोलणारे फोन आले आणि ब्रेलची पुस्तकं कपाटात राहू लागली, तेव्हा त्यांचा पारा वरचेवर चढे. स्वतः त्या फोन उत्तम वापरत, बातम्या ऐकत, बँकेची कामं करत. पण शिकणाऱ्या मुलीने सगळंच ऐकावं, हे त्यांना मान्य नव्हतं. "ऐकून शुद्धलेखन येते काय? ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, कानाले समजते काय? ऐकणाऱ्याले दुसरा कोणी वाचून दाखवते. वाचणारा आपल्या मनानं थांबते, आपल्या मनानं मागं जाते." सातवीतली दुर्गा नावाची एक तरतरीत मुलगी त्यांच्याशी यावरून वाद घालायची. फोन तिच्या कानाशी बांधल्यासारखाच असे. दोघींचं भांडण आम्हा शिक्षकांना पाठ झालं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी शालूताई एकट्याच सीताबर्डीला गेल्या. दुपट्ट्याला पिको करून आणायचा होता. व्हरायटी चौकाजवळ ऑटोतून उतरल्या, काठी टेकवली, पाऊल टाकलं आणि पायाखालची सुटी फरशी कलंडली. त्या पुढे कोसळल्या, सगळा भार उजव्या तळव्यावर घेऊन.

एका कापडवाल्याने त्यांच्याच फोनवरून मला कळवलं. मी पोचले तेव्हा त्या त्याच्या दुकानात स्टुलावर बसल्या होत्या. उजवं मनगट चमच्याच्या दांड्यासारखं मधेच वाकलं होतं. चेहरा पांढराफटक. माझा आवाज ऐकताच म्हणाल्या, "मेघा, बोटं हलून राहिले काय पाह्य."

त्या एकेक बोट हलवत होत्या. सगळी हलत होती.

"हलतायत," मी सांगितलं.

"मग ठीक. हाड काय, जुडते."

धंतोलीतल्या एका दवाखान्यात हाड बसवलं, कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. हात उंच ठेवा, बोटं हलवत राहा, असं सांगून त्यांना घरी सोडलं. पहिले दोन दिवस बरे गेले. मग मुंग्या सुरू झाल्या. शालूताईंनी दोन उशांवर हात ठेवून पाहिला, बोटं हलवून पाहिली. "सूज आहे, उतरून जाईन," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर त्या पलंगावर एक ब्रेलचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं डाव्या हाताने एकेक उचलून त्या कागदावर ठेवत होत्या.

"करंगळीले ठिपके लागते," त्या म्हणाल्या. "तिच्या बाजूचीले अर्धे-मुर्धे. बाकी अंगठा अन् दोन्ही बोटाइले कागद नुसता गुळगुळीत लागते वं." मग पुस्तक मिटलं. "ऑटो बोलाव. आत्ता जाऊ."

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकेका बोटाला टोचून पाहिलं आणि तिथल्या तिथे प्लास्टर कापून सैल केलं. "मनगटात एक अरुंद बोगदा असतो," ते म्हणाले. "त्यातून एक नस जाते. अंगठा आणि शेजारच्या बोटांची जाणीव तिच्याकडे असते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. हाड मोडलं, सूज आली, की बोगद्यातली नस दाबली जाते. तुम्ही लगेच आलात ते फार चांगलं केलंत."

"म्हणजे रस्ता तेवढाच, अन् त्याच्यात मलबा पडला," शालूताई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

प्लास्टर सैल केल्यावर जळजळ ओसरली, बोटांत थोडी जान आली. आम्हाला वाटलं, संकट टळलं. दीड महिन्याने प्लास्टर निघालं तेव्हा शालूताईंनी घरी येऊन सगळ्यात आधी पुस्तक काढलं. अक्षरं लागत होती, पण अंधुक. काही दिवसांत तेही जाऊ लागलं. पहाटे हात पेटल्यासारखा होई आणि त्या उठून तो झटकत बसत. अंगठ्याखालचा मांसल भाग ओसरू लागला. कप निसटून फुटला. ब्रेल लिहायची टोकदार लेखणी चिमटीत धरता येईना. पुन्हा धंतोली. नसेची तपासणी झाली. बारीक विजेचे झटके देऊन नस किती वेगाने निरोप पोचवते, ते मोजतात. हाड किंचित तिरकं जुळलं होतं आणि नस अजून दाबलेलीच होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. बोगद्याचं छत उघडून नसेला जागा करून द्यायची.

"मले वाचता येईन काय?" शालूताईंनी विचारलं.

 शालूताईंनी बरोबर आणलेलं ब्रेल पुस्तक टेबलावर होतं. डॉक्टरांनी ते ओढून घेतलं, स्वतःचं बोट त्या ओळीवरून फिरवलं. दोनदा फिरवलं.

"मला तर यातलं काहीच वेगळं कळत नाही," ते म्हणाले. "खरं सांगतो. दुखणं जाईल, हे मी सांगू शकतो. पकडही बरीचशी येईल. पण बोटाची जाणीव किती परतेल, ते नस ठरवेल आणि तिला वेळ लागेल. माझ्या पेशंटला शर्टाचं बटण लावता आलं, की तो खूश असतो. इतकं बारीक काम आजवर कुणी बोटाकडून मागितलेलं नाही."

"मग तुम्ही तुमचं काम करा," शालूताई म्हणाल्या. "बोटाकडून मागायचं काम मी करते."

ऑपरेशन झालं. रामटेके दादा, म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, गावाहून आला. साधा, मायाळू माणूस. बहिणीच्या उशाशी बसून तो सारखं एकच म्हणत होता.

"शालू, चाल गावाले. नोकरीचे दोनच वर्षं राहिले. सुट्टी टाक. घरी बसून फोनवर ऐकजो काय ऐकायचं ते. कोण तुले काय म्हणते?"

"दादा, लहानपणी तू मले कडेवर घेऊन फिरत होता."

"मग?"

"आता नको घेऊ. आता मले चालू दे."

 जाताना दादा घरची तुरीची डाळ, मूग, चणे अशा पिशव्या ठेवून गेला. त्यांचा उपयोग स्वयंपाकाबरोबर आणखी एका कामाला झाला. व्यायाम शिकवणाऱ्या तरुण बाईंनी सांगितलं होतं, की निरनिराळ्या वस्तूंना बोट लावून ओळखायची सवय करा, म्हणजे बोट आणि मेंदू यांची ओळख पुन्हा पडते. शालूताईंच्या टेबलावर वाट्या मांडल्या गेल्या. तांदूळ, मूग, तूर, रवा, वाळू. "म्हणे डोळे बंद करून ओळखा," शालूताई मला सांगत होत्या. "मी म्हटलं, पोरी, ते मी आधीच करून आली." ती बिचारी ओशाळली, मग दोघीही खूप हसल्या.

दुखणं खरंच गेलं. अंगठाही हळूहळू वळू लागला. पण तर्जनी लाकडासारखीच. तूर आणि मूग कळे, ब्रेलचा ठिपका कळत नसे.

जूनअखेरीला शाळा उघडली. मुख्याध्यापक वानखेडे सरांनी शालूताईंना बोलावून घेतलं. मीही बरोबर होते. सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापुढे वेळापत्रक होतं आणि वरच्या वर्गांना ब्रेल शिकवणारी दुसरी शिक्षिका शाळेत नव्हती.

"मॅडम, या वर्षी ब्रेलचा तास संगणकाला देऊ," ते म्हणाले. "मुलींना तेच हवंय. तुम्ही तोंडी इतिहास घ्या. तुमच्यावर ताण नको."

"एकदा गेलेला तास परत येते काय सर?"

सरांनी पुढ्यातला वेळापत्रकाचा कागद सरळ केला.

"दिवाळीपर्यंत राहू द्या," शालूताई म्हणाल्या. "दिवाळीले मले वाचता नाही आलं, त मीच येऊन सांगीन, तास काढा म्हणून. तुमाले सांगायची पाळी नाही येऊ देणार."

सरांनी मान हलवली, मग लक्षात येऊन तोंडाने "ठीक आहे" म्हणाले.

बाहेर आल्यावर शालूताई व्हरांड्यात थोड्या थांबल्या. "साहेब सुट्टीवर गेला," त्या म्हणाल्या. "आता चपराश्याले शिकवा लागते."

ज्या हाताने पन्नास वर्षं नुसती ओळ शोधली होती, त्याला वाचायला शिकवायचं होतं. मला वाटलं होतं, ज्याला लिपी येते त्याला हात बदलून काय फरक पडणार. पण तसं नव्हतं. डाव्या बोटाला ठिपके लागत. त्यांचं अक्षर होत नसे. शालूताईंनी आपल्याच शाळेत पहिलीच्या वर्गात बसायला सुरुवात केली. रोज सकाळचा पहिला तास, सहा-सात वर्षांच्या मुलींच्या बाकावर, गुडघे आखडून. वर्ग घेणारी शिक्षिका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती संकोचाने अर्धी झाली. "माहं वाचन तपासजो," शालूताईंनी तिला बजावलं. "मॅडम म्हणून सोडू नको."

एकदा मी खिडकीशी उभी होते. शालूताई वाचत होत्या, "दारात... मका... उभे राहू."

आधी एक मुलगी फिसकली, मग सगळा बाक. वाक्य होतं, 'दारात नका उभे राहू.' ब्रेलमध्ये म आणि न यांच्यात एकाच ठिपक्याचा फरक असतो, आणि तो ठिपका डाव्या बोटाने गाळला होता. शालूताईही हसल्या. मग बोट मागे नेलं आणि ते वाक्य बरोबर येईपर्यंत वाचलं.

सगळे दिवस हसण्याचे नव्हते. सप्टेंबरातल्या एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या बराच वेळ एकाच ओळीवर होत्या. मग हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"अक्षर लागते, शब्द लागत नाही," त्या म्हणाल्या. "शब्द लागला त मागचा विसरून जाते. मेघा, लहानपणी डोळे गेले तवा मले समजलंच नव्हतं काय गेलं ते. या वेळी सारं समजून राहिलं."

मी म्हणाले, "ताई, फोन आहे ना. ऐकलं म्हणून तुमचं काय कमी होणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. रागावल्या नव्हत्या. "माह्यं काही नाही कमी होणार वं. पण मी सोडलं, त या पोट्ट्या म्हणतीन, मॅडमनं बी सोडलं. मंग त्याइले कोणत्या तोंडानं सांगू?"

उठल्या, नळावर जाऊन हात धुतले, चांगले कोरडे केले आणि पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं. मी पुढच्या तासाला गेले, परत आले, तेव्हा त्या पान उलटत होत्या.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या संध्याकाळी वाचनाचा तास त्यांनी स्वतःकडे घेतला. वानखेडे सर मागे येऊन बसले. शालूताईंनी आधी कुणालाही न वाचून दाखवलेली एक लोककथा निवडली होती. डाव्या हातालाच ओळ शोधायची होती आणि वाचायचीही होती, त्यामुळे दर ओळीच्या शेवटी पोकळी पडे. त्यांचं जुनं वाचन ऐकलेल्या मुली अस्वस्थ झाल्या. सर पायाने जमिनीवर हलकेच ठेका धरत होते. एका शब्दावर त्या अडल्या, मागे गेल्या, पुन्हा अडल्या. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. त्या तिसऱ्यांदा मागे गेल्या आणि तो शब्द घेऊनच पुढे आल्या.

पान संपलं. दुर्गाचा आवाज आला. "मॅडम, तुम्ही माझ्यापेक्षा बी हळू वाचून राहिल्या."

"हो," शालूताई म्हणाल्या. "मग ये, पुढचं तू वाच."

दुर्गा आली. कितीतरी महिन्यांत तिने पुस्तकाला हात लावला नव्हता. चार ओळींत ती तीनदा अडली, आणि पहिल्यांदाच शालूताईंनी पुस्तकावर हात आपटला नाही. त्या थांबून राहिल्या. अडणं कसं असतं, ते आता त्यांना माहीत होतं. दुर्गा वैतागली, नाक ओढलं, पण पान पुरं केल्याशिवाय उठली नाही. तास संपल्यावर वानखेडे सर पुढे आले. "तास तुमचाच, मॅडम," एवढंच म्हणाले.

तर्जनी पूर्णपणे कधीच परतली नाही. वर्षभराने दाबून ठेवली की तिला अक्षर लागू लागलं. "गोधडीतून हात फिरवल्यासारखं," असं त्या सांगत. डावा हात मात्र तयार झाला. पहिल्यासारखा नाही, पण पुस्तक संपवण्याइतका. निवृत्त होईपर्यंत त्या तास घेत राहिल्या. शेवटच्या दिवशी भाषण करा म्हटल्यावर म्हणाल्या, "भाषण कायले? पाचवीचा धडा अर्धा राहिला आहे," आणि वर्गावर गेल्या.

आता त्या उत्तर नागपुरात दोन खोल्यांच्या घरात राहतात. मागच्या महिन्यात मी गेले, तर दारात पुरुषाच्या चपला. आत गभणे नावाचे एक काका बसले होते, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. साखरेच्या आजाराने डोळे गेले होते. त्यांच्या पत्नी हाताला धरून त्यांना घेऊन आल्या होत्या. कुठल्याशा केंद्रात त्यांना सांगितलं होतं, की साखरेने बोटं बधिर झाली आहेत, ब्रेल काही जमायचं नाही. असे लोक आता शालूताईंकडे येतात. डोळेही गेलेले आणि बोटंही मंदावलेली. त्यांना शिकवणारं दुसरं कुणी सापडत नाही.

"बाई, मले काहीच लागत नाही," काका कंटाळून म्हणत होते. "ह्या बायकोच्या नादानं आलो. या वयात हे कायले?"

"किती बोटं लावून पाहिले?"

"हे एकच. ह्याच बोटानं वाचते ना सारे?"

"तुमाले कोणी सांगतलं? मी बी त्या बोटानं नाही वाचत." शालूताईंनी त्यांचा हात हातात घेतला. "दहा आहेत. सारे मेले नसतीन. धरा दम."

त्यांनी काकांची बोटं एकामागून एक जाड कागदावर ठेवायला सुरुवात केली. उजवा हात झाला. काका नुसते "नाही" म्हणत होते. त्यांच्या पत्नी पदराचं टोक पिळत माझ्याकडे बघत होत्या. डावा अंगठा नाही. तर्जनी नाही. मधलं बोट नाही. डाव्या हाताच्या अनामिकेपाशी काका गप्प झाले. मान जराशी कलती केली, एखादा बारीक आवाज ऐकत असल्यासारखी.

"इथं काहीतरी आहे," ते म्हणाले.

"किती?"

"दोन... नाही. थांबा. तीन. एकाखाली एक."

शालूताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"ते 'ल' आहे," त्या म्हणाल्या. "आता सरळ बसा. पुढचं दाखवते."